घशातला गोळा अंगावर काढू नकोस गं

आवंढा गिळलास तरी घशातला तो गोळा जागचा हलत नाही, हो ना? मिठाच्या गुळण्या झाल्या, हळदीचं दूध झालं, ज्येष्ठमध चघळून झालं. महिना उलटला. रात्री सगळे झोपले की तू मोबाईलवर नको नको ते वाचत बसतेस, तेही मला ठाऊक आहे. आधी तो मोबाईल बाजूला ठेव आणि मला एवढंच सांग, घास अडकतो का?

नीट आठवून बघ. भात, पोळी सरळ खाली उतरते, जेवताना त्रासाची आठवणही राहत नाही, आणि नुसती थुंकी गिळताना मात्र गोळा जाणवतो, असं असेल तर निम्मी काळजी इथेच सोड. डॉक्टर याला ग्लोबस म्हणतात आणि तो पुष्कळ जणांना होतो. पोटातलं पित्त घशापर्यंत येणं, नाकातला स्राव मागून घशात उतरणं, मनावरचा ताण, अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेला स्नायू आवळलेला राहणं, अशी कारणं त्यामागे असू शकतात. त्यात आपण सारखं खाकरतो, पुन्हा पुन्हा आवंढा गिळून 'गेला का?' म्हणून तपासतो, त्याने घसा आणखीच चिडतो. खाकरावंसं वाटलं की पाण्याचा घोट घे बरं.

पण हे निदान तू घरी बसून करायचं नाहीस. घास खरोखर अडकत असेल, गिळताना दुखत असेल, एकाच बाजूला दुखून कळ कानापर्यंत जात असेल, आवाज ३ आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, वजन आपोआप उतरत असेल, मानेत गाठ हाताला लागत असेल किंवा थुंकीत रक्त दिसलं असेल, तर यातलं एकही पुरे. याच आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. श्वास घ्यायला त्रास होत असेल, लाळही गिळता येत नसेल किंवा माशाचा काटा अडकल्यापासून हे सुरू झालं असेल, तर रात्र असली तरी थेट हॉस्पिटल गाठ.

डॉक्टर मिश्रीबद्दल, तंबाखू-सुपारीबद्दल विचारतील. घरच्यांसमोर सांगायला संकोच वाटत असेल तर त्यांना बाहेर बसायला सांग, पण डॉक्टरांपासून लपवू नकोस. घशाच्या कॅन्सरचा धोका या सवयींमुळे खरोखर वाढतो, म्हणून ते विचारतात.

आता घसा आतून बघायच्या दुर्बिणीची भीती. खरं सांगू का, ऐकताना वाटते तेवढी ती भयंकर नसते. नाकात बधिर करणारं औषध फवारतात आणि एक बारीक, वाकणारी नळी आत घालून घसा बघतात. विचित्र वाटतं, डोळ्यांत पाणी येतं, पण काही मिनिटांत उरकतं आणि तू चालत घरी येतेस. घशाचा बधिरपणा जाईपर्यंत फक्त काही खाऊ-पिऊ नकोस. डॉक्टर मानही चाचपून बघतील. थायरॉईडची शंका आली तर रक्ततपासणी आणि मानेची सोनोग्राफी सांगतील. हिमोग्लोबिन कमी असेल तर तेही आवर्जून सांग, कारण लोह फार कमी झालं की काही बायकांच्या अन्ननलिकेत वरच्या बाजूला पातळ पडदा तयार होतो आणि घास अडकू लागतो. खर्चाची चिंता असेल तर ससून, केईएमसारख्या सरकारी किंवा महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात सकाळी लवकर जाऊन कान-नाक-घशाच्या ओपीडीचा केसपेपर काढ.

आणि कुणी न तपासताच 'टेन्शन घेऊ नका' म्हणून परत पाठवलं तर उठू नकोस. 'डॉक्टर, एकदा घसा आतून बघता का?' असं सरळ विचार. एकेकाळी या त्रासाला हिस्टेरियाच म्हणत. बायकांचं दुखणं असं झटकून टाकायची सवय फार जुनी आहे. नीट तपासून झाल्यावर 'ताणामुळे होतंय' म्हणाले तर मात्र मनापासून मान. ताणाने होणारा त्रासही खराच असतो.

बघ, तू सगळ्यांना वाढून दहाला जेवतेस आणि साडेदहाला आडवी होतेस. घरच्यांबरोबर जेवायला बस गं, झोपायच्या आधी २-३ तास तरी पोटाला मिळू देत. पित्ताच्या गोळ्या दुकानातून आणून महिनोन्‌महिने स्वतःच घेऊ नकोस; कोणती, किती दिवस, जेवणाआधी किती वेळ, हे डॉक्टरांना ठरवू दे. सगळं ठीक निघालं तरी हा गोळा काही महिने येत-जात राहू शकतो, त्याने घाबरू नकोस. फक्त त्यात काही नवं लक्षण आलं, तर मागचे कागद घेऊन पुन्हा जा.

मुलांच्या लसी, सासूबाईंची बीपीची गोळी, सगळं तुझ्या लक्षात असतं. उद्या सकाळी दवाखान्यात फोन करून स्वतःचा नंबर लाव. एकटीला जावंसं वाटत नसेल तर मला सांग, मी येते बरोबर.