शून्य लिहिण्याआधी

पेठ, जि. नाशिक

चि. ताईस,


तुझं पत्र मिळालं. क्वेरी एकच, कालावधीही तोच. गोषवाऱ्यावर चालवली तर फसलेल्या लॉगिनचा आकडा कमी येतो आणि मूळ लॉगसकट चालवली तर जास्त. पहिलीचं उत्तर डोळ्याची पापणी लवते न लवते तोच, दुसरीला चहा पिऊन यावं इतका वेळ. तुझे सीनियर म्हणतात, पहिला आकडा टाक आणि रिपोर्ट पाठवून मोकळी हो. तू विचारतेस, यातला खरा कुठला? ते ठरवण्याआधी गोषवारा कोणी, केव्हा आणि कशातून केला ते विचारायला शीक.

आपल्या पेठचा पाऊसच घे. पर्जन्यमापकाची नोंद सकाळी साडेआठला होते, मागच्या चोवीस तासांची. मग महसूल मंडळांची सरासरी तालुक्याला, तालुक्यांची जिल्ह्याला. चोवीस तासांत मंडळात 65 मिलिमीटरच्या वर गेला की शासनदरबारी ती अतिवृष्टी. आता समज, पहाटे सहाला पाऊस सुरू झाला, अकराला थांबला आणि पाच तासांत 100 मिलिमीटर कोसळला. साडेआठला 50 लिहिले गेले, उरलेले 50 दुसऱ्या दिवसाच्या खात्यात. दोन्ही दिवस 65च्या आत! कोणी खोटं लिहिलेलं नाही, पण भाताच्या खाचराचा बांध ज्या पावसाने फुटला, तो पाऊस रोजच्या तक्त्यात शोधून सापडणार नाही. महावेध प्रकल्पाच्या स्वयंचलित हवामान केंद्राची थोड्याथोड्या मिनिटांची नोंद काढली तर तोच पाऊस सलग दिसतो. (आणि वर्षाची बेरीज पाहिली तर आपल्या तालुक्यात टँकर लागूच नये. एप्रिलमध्ये येऊन बघ.)

तू स्प्लंकवर, म्हणजे लॉग साठवून शोधायच्या सॉफ्टवेअरवर, काम करतेस, तर त्याच्याच बोलीत सांगतो. डेटा मॉडेलला ॲक्सलरेशन दिलं की स्प्लंक मागच्या मागे गोषवारा बांधत राहतो. सेटिंग बदललं नसेल तर दर पाच मिनिटांनी. ‘टीस्टॅट्स’ कमांडला ‘समरीजओन्ली’ ट्रू दिलंस की ती फक्त त्या बांधलेल्या गोषवाऱ्यात बघते. फॉल्स असेल, आणि काहीच लिहिलं नाहीस तर ते फॉल्सच असतं, तर गोषवारा आहे तिथे तो आणि नाही तिथे मूळ लॉग, असं दोन्ही मिळून उत्तर येतं. म्हणून तफावत दिसली की आधी शेवटची काही मिनिटं तपास. ती अजून गोषवाऱ्यात उतरलेली नसतात. मग बघ, गोषवारा सातच दिवसांचा ठेवलाय आणि तू महिना मागतेस का. तिसरं कारण जास्त चकवतं. कोणीतरी शुक्रवारी संध्याकाळी मॉडेलमध्ये बदल करून जातो, सगळा गोषवारा नव्याने बांधायला लागतो आणि शनिवारी डॅशबोर्डवर हल्ले एकदम निम्मे दिसतात. बैठकीत टाळ्या पडतात.

शेड्यूल्ड सर्च लावून तुमच्या टीमने वेगळा समरी इंडेक्स भरला असेल तर आणखी एक भानगड. सावळघाटात मोबाइलची रेंज जाते तशी एखाद्या शाखेची लाइन तीन तास गेली आणि लॉग उशिरा आले, तर त्या तासांचा हिशेब तोवर लिहून झालेला असतो. मागून आलेले लॉग मूळ इंडेक्समध्ये बसतात, समरीत नाही. मग कोणीतरी तोच कालावधी पुन्हा भरतो आणि आधीचं न तपासल्यामुळे काही तास दुप्पट मोजले जातात.

आता खरं सांगायचं ते. फॉल्स दिलं म्हणजे आपण मूळ लॉग बघितला, असं तुझ्या पत्रात तू दोनदा लिहिलं आहेस. तसं नाही गं. तेव्हाही तू मॉडेलच्या दारातूनच आत जातेस. मॉडेलला अट असते: अमुक टॅग असलेल्याच नोंदी. मागच्या महिन्यात नवा फायरवॉल बसवला आणि त्याच्या लॉगला टॅग लावायचा राहिला, तर त्याच्या नोंदी ट्रूमध्ये येणार नाहीत आणि फॉल्समध्येही येणार नाहीत. दोन्ही आकडे छान जुळतील, आणि जुळले म्हणून तू निश्चिंत होशील. ज्या पाड्यावर पर्जन्यमापकच नाही तिथे ढग फुटला तरी मंडळाच्या नोंदीत तो येत नाही, त्यातलाच हा प्रकार. त्यासाठी मॉडेल बाजूला ठेवून थेट इंडेक्सवर साधी सर्च करायची: कुठल्या होस्टकडून, कुठल्या सोर्सटाइपमध्ये किती नोंदी आल्या. ती यादी आणि तुमच्या मशिनींची यादी शेजारी ठेवून बघ. कंटाळवाणं काम आहे; नव्या पोरांना मी पहिल्यांदा हेच शिकवतो.

याचा अर्थ ऊठसूट मूळ लॉग उपसत बसायचं असा नाही. महिन्याचा कल, रोजचा डॅशबोर्ड, साहेबांचा आलेख, याला गोषवाराच बरा. सगळ्यांनी तीस दिवसांची सर्च मूळ लॉगवर लावली तर सर्व्हर रडेल. फक्त तासातासाच्या सरासऱ्यांची पुन्हा सरासरी काढू नकोस. रात्री तीनची दहा नोंदींची सरासरी आणि दुपारच्या दहा हजारांची एका मापाने मोजली जाते. पर्सेंटाइलचं तर नावच काढू नकोस, ते मूळ नोंदींवरूनच काढावं. पण ‘काहीही घडलं नाही’ असं लिहायची वेळ आली की गोषवाऱ्यावर विसंबू नकोस. त्यात शून्य दिसलं म्हणजे एवढंच की त्याने काही पाहिलं नाही.

आणि गोषवारा आहे, मग जुने लॉग पुसून डिस्क वाचवू, असं कोणी म्हणालं तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा 28 एप्रिल 2022 चा निर्देश दाखव. लॉग 180 दिवस, भारताच्या हद्दीत ठेवायचे आहेत. घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचंही आहे, आणि त्या सहा तासांत पुरावा म्हणून मूळ ओळच लागते, बेरीज नव्हे.

तर आत्ताचा रिपोर्ट थांबवू नकोस, पाठव. आकड्याखाली फक्त लिही: कशावरून काढला, किती वाजेपर्यंतचा, आणि कुठल्या मशिनी यात धरलेल्या नाहीत. सीनियरना ती ओळ आवडणार नाही. तरी लिही.

तुझा,
मामा