नट आवळताना इंजिन धरावे कसे?



गाळप हंगाम ऐन भरात असताना ट्रॅक्टर किंवा जीप अडली, की मिस्त्रीची वाट बघायला आपल्याला सवड नसते. मग आपणच पाना हातात घेतो. त्यात वावगे काही नाही. पण नट आवळण्याकडे जेवढे लक्ष असते, तेवढे समोरचा भाग धरण्याकडे नसते, आणि नुकसान तिथेच होते.

साधे गणित पाहू. अर्धा मीटर लांब पान्याच्या टोकाला २० किलोचा जोर दिला, तर नटावर १० किलोग्रॅम-मीटर पीळ पडतो. धरणाऱ्या बाजूलाही तेवढाच पीळ सोसावा लागतो. म्हणून जो भाग आवळायचा तोच धरावा, मध्ये नाजूक भाग घालू नये.

क्रँकच्या पुढच्या पुलीचा बोल्ट घ्या. पाना फिरवला की क्रँकच फिरते. आम्हीही पूर्वी फ्लायव्हीलच्या दातात स्क्रू ड्रायव्हर अडकवीत होतो. एकदा दात तुटला आणि पुरी रिंग बदलावी लागली. रीत अशी: बॅटरीची वायर काढावी, चाकांना पुढून-मागून दगड लावावेत, गाडी टॉप गिअरमध्ये घालावी आणि जोडीदाराने ब्रेक दाबून धरावा. क्लचवर पाय नको. ट्रॅक्टर असेल तर दोन्ही ब्रेक जोडून घ्यावेत. इंजिन खाली उतरवले असेल, तर पुलीच्या आटे असलेल्या दोन भोकांत बोल्ट मारून जाड लोखंडी पट्टी बसवावी व तिचे टोक भक्कम आधाराला टेकवावे.

कॅमशाफ्टचा बोल्ट आवळताना टायमिंगच्या चेनच्या किंवा पट्ट्याच्या भरवशावर राहू नये. ताणाने टायमिंग सरकले, तर काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. कॅमशाफ्ट किंवा तिचे चाकच धरावे.

डिझेल पंपाच्या नळीचा नट आवळताना दोन पाने घ्यावेत. एकाने पंपावरचा होल्डर धरावा, दुसऱ्याने नट फिरवावा. नाहीतर होल्डरच फिरतो आणि डिझेल गळू लागते.

पाना ढकलू नये, आपल्याकडे ओढावा. सटकला तरी बोटे इंजिनावर आपटत नाहीत. किती आवळायचे तो आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, तो पाहूनच टॉर्क रेंच लावावा. आणि ती लोखंडी पट्टी हंगामापूर्वीच गावच्या वेल्डरकडून करून घरी ठेवावी.