गाडीचे पाटे आणि तुटलेला बोल्ट

आमच्या भागात बैलगाड्या आता थोड्या उरल्या. कांदा, टोमॅटो, चारा, सिमेंट, सारे काही जीप नाहीतर पिकअपमधून जाते. रस्ता खडबडीत, ओझे भारी. काही वर्षांत गाडीची मागची बाजू खाली बसते. खड्ड्यात चाक गेले की धाडकन आपटते. मग मालक म्हणतो, "मिस्त्री, एक पाटा वाढवा."

पाटे म्हणजे काय, ते आधी पाहू. बैलगाडीला कणा असतो, तसा या गाडीला आस असतो. त्या आसावर पोलादाच्या लांब पट्ट्या एकावर एक रचून कमान केलेली असते. तेच पाटे. मागचे सारे ओझे या पाट्यांवर तोललेले असते. सगळे पाटे मधोमध एका बोल्टने ओवलेले असतात. त्याला सेंटर बोल्ट म्हणतात. त्याच्या दोन्ही बाजूंना घोड्याच्या नालासारखे वाकवलेले बोल्ट असतात. ते यू-बोल्ट. ते पाटे आणि आस एकत्र आवळून धरतात. पाट्यांची दोन टोके चासीला मोठ्या बोल्टांनी अडकवलेली असतात. शिवाय धक्का जिरवणारा शॉकॲब्झॉर्बर असतो. तोही बोल्टावरच.

म्हणजे पाटा कितीही जाड घाला, त्याचा जीव बोल्टांत असतो.

पाटा वाढवणे हे काम तसे अवघड नाही. अडते ते जुने बोल्ट काढताना. पाच-सात पावसाळे चिखलपाणी खाल्लेला बोल्ट गंजून नटाशी एकजीव झालेला असतो. पान्याने हलत नाही. मग कोणीतरी पान्याला पाइप चढवतो. फूटभराचा दांडा चार फुटांचा झाला की तोच हात चौपट जोर लावतो. बोल्ट सुटत नाही. कट् असा आवाज होतो, पाना एकदम सैल पडतो, आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. बोल्टचे डोके पान्यात, आणि बाकीचा बोल्ट चासीत!

आता काय करायचे?

आधी गाडीखालून बाहेर या. रागाच्या भरात घण मारू नका. गाडी नुसत्या जॅकवर उभी असेल तर घणाच्या हादऱ्याने ती जॅकवरून सरकते. गाडीखाली माणूस असेल तर तो वाचत नाही. म्हणून चासीखाली दोन मजबूत लोखंडी घोडे हवेत, नाहीतर जाड लाकडी ठोकळे. विटा नकोत. सिमेंटचे पोकळ ठोकळेही नकोत. ते भाराने अचानक फुटतात. पुढच्या चाकांना दोन्ही अंगांनी दगड लावा. एवढे केल्यावर मगच पुढचे काम.

आता तुटलेला तुकडा हातात घ्या. तो फेकू नका. तो वाचायचा असतो. तुटलेल्या जागी सगळीकडे ताजी, चकचकीत कड दिसली, तर बोल्ट आत्ता तुमच्या जोराने तुटला. पण कधी कधी अर्धी कड काळी, गंजलेली दिसते, आणि अर्धीच ताजी असते. याचा अर्थ नीट समजून घ्या. काळा भाग फार पूर्वीच चिरला होता. उरलेल्या थोड्या लोखंडावर गाडी ओझे वाहत होती! पाइप चढवणाऱ्याला बोल लावू नका. तो बोल्ट गॅरेजात तुटला हे नशीबच. घाटात तुटला असता तर? असा तुकडा निघाला, की दुसऱ्या बाजूचा बोल्टही बदलावा. त्यानेही तेवढेच ओझे वाहिलेले असते.

मग आत राहिलेला भाग पाहा. तो थोडा बाहेर डोकावतो की सपाट तुटला आहे? बाहेर असेल तर काम सोपे. तारेच्या ब्रशाने गंज खरवडा. गंज सोडवणारे तेल घाला. तेल नसेल तर डिझेल घाला. रात्रभर मुरू द्या. घाई करणारा इथेच चुकतो. तेलाला आट्यांत, म्हणजे बोल्टच्या वळशांत, शिरायला वेळ लागतो. सकाळी पकडपान्याने टोक घट्ट धरा. थोडे सोडवायच्या बाजूला, थोडे आवळायच्या बाजूला, असे हलवत राहा. एकाच दिशेला जोर करू नका. मागेपुढे हलवले की गंजाचा भुगा होतो.

एवढ्याने नाही निघाला, तर वेल्डिंगवाला त्या टोकावर एक नट बसवून आतून वेल्ड करतो. नटाला पाना लागतो, आणि वेल्डिंगच्या आचेने गंजाची पकडही ढिली होते. थोडे गार झाले की फिरवावे. ही युक्ती फार चांगली. मात्र आधी तेल पुसून घ्या, नाहीतर पेट घेईल. बॅटरीची तार काढा. जवळ ब्रेकची नळी, डिझेलची टाकी, रबर नाही ना, ते पाहा. शॉकॲब्झॉर्बर तर काढूनच ठेवा. त्यात तेल असते, काहींत दाबलेला वायूही असतो. तो तापला तर फुटतो.

बोल्ट सपाट तुटला असेल तर ड्रिलशिवाय गती नाही. तुटलेली कड कानशीने सपाट करा. बरोबर मधोमध पंचाने खूण करा. या खुणेवर सगळे अवलंबून आहे. खूण एका बाजूला गेली तर ड्रिल बोल्ट सोडून नटाचे आटे खाते. डोळ्यांवर चष्मा घाला. आधी 3 मिलिमीटरचे भोक पाडा, मग 5 चे, मग हळूहळू वाढवा. बोल्ट 12 मिलिमीटरचा आणि जाड आट्यांचा असेल तर 10 च्या पुढे जाऊ नका. मग पातळ कवच उरते. ते छिन्नीने आत वळवून काढता येते. नंतर टॅप फिरवून आटे साफ करायचे. टॅप तेल लावून फिरवावा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे.

बाजारात उलट्या आट्यांची निमुळती खुंटी मिळते. भोकात ठोकून उलटी फिरवली की तुकडा बाहेर येतो. येतो तेव्हा फार झटपट येतो. पण ही खुंटी अतिशय कडक असते. ती आत तुटली तर साधे ड्रिल तिच्यावर घसरते. गंजून घट्ट झालेल्या बोल्टाला आम्ही तरी ती वापरत नाही.

यू-बोल्टांसाठी एवढी यातायात नको. पाटा वाढला की जुने यू-बोल्ट आखूडच पडतात. नट फिरत नसेल तर सरळ कापून टाका. नवे घालायचेच आहेत.

सेंटर बोल्टची गोष्ट मात्र निराळी. तो सोडण्याआधी पाटे दोन शिकंज्यांत घट्ट धरा. पाटे एकमेकांवर दाबून बसवलेले असतात. बोल्ट निघताच ते उसळतात. बोटे जातील, दात पडतील. मग दोन्ही शिकंजे सारखे, थोडे थोडे ढिले करा.

गॅरेजात अशा वेळी जे बोलणे होते, ते आम्ही अनेकदा ऐकले आहे.

"मिस्त्री, माल भरून ठेवलाय. रात्री गाडी लासलगावला निघालीच पाहिजे."

"भाऊ, बोल्ट आत तुटलाय. उद्या दुपार होईल."

"मग वेल्डिंग मारून टाका की! पाटा चासीलाच चिकटवा."

"तुम्ही कोयत्याला पाणी देता ना? तो कोयता पुन्हा भट्टीत तापवला तर काय होतं?"

"पाणी उतरतं. धार राहत नाही."

"पाट्यालाही तसंच पाणी दिलेलं असतं. वेल्डिंगची आच लागली की ते बिघडतं. आज चिकटेल. पण वेल्डिंगच्या कडेलाच पाटा मोडेल."

मिस्त्रींचे म्हणणे अगदी खरे आहे. तुटक्या बोल्टावर नट वेल्ड करणे निराळे. तो तुकडा टाकूनच द्यायचा असतो. पाटा मात्र ओझे वाहणार आहे.

आता नवा बोल्ट. डब्यात हात घालून मापाचा लागला तो बसवला, असे करू नका. आता तुम्हाला आकडे वाचता येतात. बोल्टच्या डोक्यावर पाहा. 4.6, 8.8, 10.9 असे आकडे उठवलेले असतात. पहिल्या आकड्यावरून बोल्ट किती ताण सोसून तुटतो ते कळते. 8 चा बोल्ट 4 च्या दुप्पट ताण सोसतो. दोन्ही एकाच जाडीचे, दिसायलाही सारखेच! टिंबाच्या पुढचा आकडा सांगतो, की बोल्ट कायमचा ताणला जाण्याआधी त्यातला किती भार सोसेल. 8.8 चा बोल्ट तुटण्याच्या भारापैकी दहात आठ हिस्से सोसतो. 4.6 चा सहाच हिस्से. 8.8 च्या बोल्टलाही कोयत्यासारखे पाणी दिलेले असते. म्हणून तो तापवून वाकवू नये. डोके कोरे असेल तर तो बोल्ट पाट्यांना वापरू नका. कुंपणाच्या फाटकाला चालेल. काही गाड्यांच्या बोल्टांवर वेगळ्या खुणा असतात. तेव्हा तुटलेले डोके घेऊनच दुकानात जावे.

आणखी एक घोटाळा होतो. 19 नंबरचा पाना लागला म्हणून दुकानात 19 चा बोल्ट मागतात. पान्याचा नंबर डोक्याच्या रुंदीचा असतो. 19 चा पाना बहुधा 12 मिलिमीटरच्या बोल्टला लागतो. बोल्टची जाडी, लांबी आणि आटे, तिन्ही जुळवून पाहा. जुन्या जीपचे आटे इंचाच्या मापाचे असतात, नव्या गाड्यांचे मिलिमीटरचे. नट हाताने चार फेरे सहज गेला पाहिजे. पान्याने दामटून बसवला तर आटे मेले समजा.

जोडताना सेंटर बोल्टचे डोके आसावरच्या खाचेत नीट बसले का, ते चाचपून पाहा. त्या डोक्यानेच आस जागेवर राहतो. ते बसले नाही, किंवा पुढे बोल्ट तुटला, तर एका बाजूचा आस मागे सरकतो आणि गाडी तिरकी पळू लागते. सेंटर बोल्ट तुटण्याचे मूळ पुष्कळदा ढिल्या यू-बोल्टांत असते. पाटे घट्ट धरायचे काम यू-बोल्टांचे. ते सैल पडले की सगळे हिसके एकट्या सेंटर बोल्टवर येतात. म्हणून यू-बोल्टांचे चारही नट तिरपे, आळीपाळीने, थोडे थोडे आवळत जा. टोकांच्या बोल्टांत रबर असेल तर ते शेवटचे आवळणे गाडी चाकांवर उतरवल्यावर करा. अधांतरी आवळले तर ओझे पडताच रबर पिळले जाते आणि फाटते.

आणि वजनाचे काय? पाटा वाढवला म्हणून जास्त माल भरायची मुभा मिळत नाही. नोंदणीच्या कागदावर भरलेल्या गाडीचे वजन किलोत लिहिलेले असते. ते वाचा. ब्रेक जुनेच, टायर जुनेच, आसही जुनाच. त्यांची ताकद पाट्याने वाढत नाही. उतारावर ब्रेक लागले नाहीत, तर जाड पाटा काय करणार?

पहिली खेप भरून आणल्यावर गाडी सावलीत उभी करा आणि यू-बोल्टांना पुन्हा पाना लावा. नवे पाटे एकमेकांवर बसतात, रंग आणि गंज दबतो, आणि नट थोडे ढिले होतात. बहुधा पाव फेरा तरी निघतो. आठवड्याने परत पाहा. नट बसल्यावर नट आणि बोल्ट यांवर मिळून पांढऱ्या रंगाची एक आडवी रेघ ओढून ठेवा. रेघ मोडलेली दिसली की नट फिरला. ही रेघ ओढायला मुलाला सांगा, तो आनंदाने ओढील. रोज सकाळी वाकून पाहायचे काम मात्र गाडी हाकणाऱ्याचे.