मॉरिशसची साखर

१८३५ सालीं मॉरिशस बेटांत गुलामगिरी कायद्यानें बंद झाली. उसाचे मळे मात्र बंद झाले नाहींत. मळेवाल्यांनी हिंदुस्थानांतून करारबद्ध मजूर नेले. मुंबई बंदरांतून गेलेल्यांत रत्नागिरी, सातारा या भागांतील मराठी माणसेंही होतीं. करार पांच वर्षांचा, पुरुषाचें वेतन दरमहा सुमारें पांच रुपये. विद्यार्थ्यांनी येथें त्रैराशिक मांडून पाहावें : एक दिवस गैरहजर राहिल्यास वेतन कापीत दोन दिवसांचें, आणि आजारीपणाची सबबही पुष्कळदा चालत नसे. तापानें फणफणलेला मजूर अंथरुणावर पडल्यापडल्या मळेवाल्याचा ऋणको होई! किती जण परत आले. बहुसंख्य तेथेंच राहिले. पोर्ट लुई येथील ज्या पायऱ्या चढून ते आंत गेले, त्या ‘आप्रवासी घाटा’वर अजून आहेत.