क्लासच्या फ्लेक्सवर माझा फोटो

पुण्यात ज्या क्लासमध्ये मी सिस्को कंपनीच्या सीसीएनए या नेटवर्किंगच्या परीक्षेसाठी फी भरली, त्याच्या दाराशी 'आमचे यशस्वी विद्यार्थी' म्हणून माझा फोटो लावला आहे. मला न विचारता. या परीक्षेचा खरा अभ्यास मी तो क्लास सोडल्यावर, नोकरी सांभाळून, घरी बसून केला. तो फोटो पाहून आणखी कुणी तिथे पैसे भरू नयेत, म्हणून हे लिहिते आहे.

सिस्कोने 24 फेब्रुवारी 2020 पासून जुनी परीक्षा बंद करून 200-301 ही नवी सुरू केली. पुढे 2024 मध्ये तिच्यातही थोडे बदल केले. विषयांची पूर्ण यादी कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. एका रात्री मी ती छापून आणली आणि क्लासच्या वहीशेजारी ठेवून एकेका विषयावर खूण करत गेले. अर्ध्यातच हात थांबला. आमचे कितीतरी रविवार आरआयपी आणि ईआयजीआरपी हे राउटिंग प्रोटोकॉल शिकण्यात गेले होते. नव्या यादीत त्यांचं कॉन्फिगरेशनच नाही. यादीत वायरलेस होतं, सुरक्षेला 15 टक्के होते, ऑटोमेशनला 10. त्यातलं वहीत काही नव्हतं. आम्हाला केव्हाच बंद झालेल्या परीक्षेचा अभ्यासक्रम शिकवला जात होता, आणि फी मात्र आजची घेतली होती.

दुसऱ्या दिवशी दोन्ही कागद सरांपुढे ठेवले. त्यांनी ते उचलूनसुद्धा पाहिले नाहीत. म्हणाले, "अगं, एवढ्या खोलात कशाला जातेस? शेवटच्या महिन्यात फाइल देतो, ती पाठ कर. आपली गॅरंटी आहे ना!" ती फाइल म्हणजे डम्प, चोरून बाहेर काढलेले प्रश्न. परीक्षेला बसताना प्रश्न बाहेर न सांगण्याच्या अटी मान्य कराव्या लागतात आणि गैरप्रकार सापडला तर सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं, हे त्यांना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. प्रवेश घेताना दाखवलेले स्विच काचेच्या कपाटात होते आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. फी परत मागितली तर "पावतीच्या मागे काय लिहिलंय ते वाच." माझ्या बॅचमधल्या गावाकडून आलेल्या मुलांनी यापुढे तोंड उघडलं नाही, कारण घरी काय सांगायचं हा प्रश्न होता. त्याचा राग मला अजून आहे.

आता कामाचं. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर फुकट मिळतं. नेटवर्किंग अकॅडमीत खातं उघडा आणि उतरवून घ्या. लॅनच्या भागासाठी मी सांगते ते हाताने करा. दोन स्विच दोन केबलींनी जोडा. एक पोर्ट नारिंगी होऊन तसाच राहील. तो का अडवला गेला, रूट ब्रिज कुठला झाला आणि का, हे 'शो स्पॅनिंग-ट्री' लिहून शोधा. सगळ्यांची प्रायॉरिटी 32768 असेल तर ज्याचा मॅक पत्ता सर्वांत लहान तो रूट होतो, मग तो कोपऱ्यातला सर्वांत जुना स्विच का असेना. नंतर त्याच दोन केबलींचं इथरचॅनल करा. ट्रंकच्या एका टोकाला नेटिव्ह व्हीलॅन बदलून ठेवा आणि कोणती तक्रार उमटते ते वाचा. ट्रंकवर नवा व्हीलॅन चढवताना 'अलाउड व्हीलॅन'नंतर 'ऍड' लिहायचं राहिलं, तर आधीचे सगळे व्हीलॅन त्या यादीतून जातात. हे क्लासमध्ये कुणी सांगितलं नव्हतं, आणि ऑफिसात असं झालं तर अख्खा मजला बंद पडतो.

सबनेटिंग रोज करा, कागदावर. कॅल्क्युलेटर मिळत नाही. /26 मध्ये 64 पत्ते, त्यातले 62 वापरता येतात, हे विचारायच्या आत आलं पाहिजे. वेळ 120 मिनिटं असते आणि पुढच्या प्रश्नावर गेलात की मागे येता येत नाही, त्यामुळे 'नंतर बघू' ही शाळेतली सवय इथे चालत नाही. मला काय विचारलं ते सांगणार नाही, तशी सही केली आहे.

नोंदणी करताना नाव ओळखपत्राशी जुळेल असंच लिहा. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एका कागदावर असतं, दुसऱ्यावर नसतं. केंद्रावर यावरून अडवू शकतात. आदल्या रात्री जागू नका.

परीक्षेची फी 300 डॉलर आणि वर कर, म्हणजे रुपयांत पंचवीस हजारांच्या पुढे. नापास झालात तर पाच दिवसांनी पुन्हा बसता येतं, पण फी पुन्हा भरावी लागते. गॅरंटी देणाऱ्या क्लासला एवढंच विचारा, की ती दुसरी फी तुम्ही भरणार का. उत्तर 'हो' आलं, तर ते लेखी घ्या आणि मगच पैसे द्या.