वाणी-ओळख सेवेतील दोष : निदानपंचकाच्या आधारे शोध

वैद्याने बोलावे आणि रुग्णपत्रक आपोआप लिहिले जावे, ही सोय आता लहान चिकित्सालयांतही आली आहे. आपला आवाज इंटरनेटद्वारे दूरच्या संगणकाकडे, म्हणजे क्लाउडकडे जातो व मजकूर होऊन परत येतो. गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये आपल्या सेवेत मराठीचा समावेश केला. मजकूर चुकला की आपण यंत्राला दोष देतो. परंतु पुष्कळदा दोष आपणच भरलेल्या सेटिंगमध्ये असतो. तो कसा शोधावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम एक अनुभव. चऱ्होली येथील माझ्या चिकित्सालयात विषादाचा पूर्वेतिहास असलेली एक रुग्णा आली. मी ‘अश्वगंधा’ असे स्पष्ट उच्चारले. पत्रकात ‘सर्पगंधा’ उमटले. पुड्या बांधणाऱ्या सहायिकेने शंका विचारली म्हणून अनर्थ टळला. सर्पगंधेतील रिसर्पिनमुळे विषाद बळावू शकतो, हे वैद्यवर्गास सांगणे नलगे. पडद्यावर मात्र त्रुटीचा कोणताही संदेश नव्हता.

हेतू : मुख्य हेतू चार. भाषेचा संकेत चुकीचा असणे. ध्वनीचे स्वरूप किंवा सॅम्पल रेट चुकीचा सांगणे. सेवेची किल्ली अथवा परवानगी सदोष असणे. आणि विशेष शब्दांची सूची असमतोल असणे.

पूर्वरूप : ‘आवळा’ऐवजी ‘आंवला’ उमटू लागले, की भाषेचा संकेत मराठीऐवजी हिंदीचा असल्याचा संशय घ्यावा. चाकण पट्ट्यातील कारखान्यांत काम करणारे अनेक रुग्ण हिंदी बोलतात. त्यांच्यासाठी बदललेला संकेत पुन्हा मराठीवर आणण्यास आपण विसरतो.

रूप : काही दोष बोलके असतात. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझुर सेवेत किल्ली एका विभागाची व पत्ता दुसऱ्या विभागाचा असल्यास ४०१ ही त्रुटी येते. गूगलच्या तात्काळ उत्तर देणाऱ्या पद्धतीस सुमारे १ मिनिटाची मर्यादा आहे. त्याहून लांब ध्वनिमुद्रणासाठी वेगळी पद्धत वापरावी लागते. काही दोष मूक असतात. १६००० हर्ट्झने मुद्रित केलेला कच्चा ध्वनी ८००० म्हणून पाठविल्यास सेवेला तो निम्म्या गतीचा व घोगरा ऐकू येतो. मग उत्तर रिकामे तरी येते किंवा निरर्थक. उलटपक्षी, दूरध्वनीवरील ८००० चा ध्वनी १६००० करून पाठविल्याने हरवलेले स्वर परत येत नाहीत. तो आहे तसाच पाठवावा.

उपशय : स्वतःच्या आवाजात अर्ध्या मिनिटाचा एक नमुना मुद्रित करून ठेवावा, त्यात रुग्णाची माहिती नसावी. संशय येताच तोच नमुना पाठवावा व एका वेळी एकच सेटिंग बदलावे. दोन औषधे एकदम बदलली तर गुण कशाचा आला हे कळत नाही. येथेही तसेच आहे. नमुना ठीक उमटला, तर मायक्रोफोन, त्याचे अंतर व खोलीतील गोंगाट तपासावा.

संप्राप्ति : माझ्या प्रकरणात भाषा, ध्वनी व किल्ली निर्दोष होती. पूर्वी ‘सर्पगंधा’ हा शब्द वारंवार चुकत असे, म्हणून मीच तो सूचीत घालून त्याला जास्तीत जास्त भार दिला होता. ‘अश्वगंधा’ सूचीत नव्हतीच. त्यामुळे ‘गंधा’ हा अंत्य भाग ऐकू येताच सेवेचा कौल सर्पगंधेकडे झुकू लागला. एका चुकीवरील उपाय दुसऱ्या चुकीचा हेतू झाला. दोन्ही शब्द सूचीत घेऊन भार उतरविल्यावर नमुना शुद्ध उमटला.

सारांश, त्रुटीचा संदेश देणारा दोष काम थांबवितो. मूक दोष काम चालू ठेवून रुग्णास अपाय करतो. म्हणून समान ध्वनीच्या औषधांच्या जोड्या सूचीत एकत्रच घालाव्यात, सेटिंगमधील प्रत्येक बदल तारखेसह वहीत नोंदवावा, आणि औषधाचे नाव व मात्रा वैद्याने स्वतः वाचल्याशिवाय पत्रक औषधकक्षाकडे जाऊ देऊ नये.