समुद्रावरील धूर कोणत्या देशाच्या खात्यात?

देशोदेशींच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनाचे तक्ते आता शालेय पुस्तकांतूनही छापले जातात. चीन, अमेरिका, भारत, रशिया, जपान ही नावे उतरत्या क्रमाने येतात आणि विद्यार्थी ती मुखोद्गत करतात. काही तक्त्यांच्या तळाशी बारीक अक्षरांत एक टीपही असते. आंतरराष्ट्रीय विमाने व जहाजे यांनी जाळलेल्या इंधनाचा या आकड्यांत समावेश केलेला नाही, असे ती सांगते. या टिपेतील जहाजांच्या भागाविषयी आम्ही येथे लिहीत आहोत. ही टीप पुसून तिच्यातील आकडा देशांमध्ये वाटावयाचा ठरविला, तर कोणता देश वर जाईल आणि कोणता खाली, हे ठरविणे वाटते तितके सोपे नाही. वाटणीची पद्धत बदलली की अपराधीही बदलतो.

प्रथम आकार लक्षात घेऊ. आंतरराष्ट्रीय सागरी संघटना ही संयुक्त राष्ट्रांची संस्था असून तिचे मुख्यालय लंडन येथे आहे. तिने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या चौथ्या अभ्यासानुसार २०१८ या वर्षी जगातील सर्व जहाजांनी मिळून १०५ कोटी ६० लाख टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला. मानवी व्यवहारांतून होणाऱ्या एकूण उत्सर्जनाचा हा सुमारे २.९ टक्के भाग होय. यात देशांतर्गत जहाजे व मासेमारी नौकाही आल्या. त्या वगळून केवळ आंतरराष्ट्रीय वाहतूक मोजू गेल्यास त्याच अभ्यासात दोन उत्तरे सापडतात. एका देशाच्या बंदरातून दुसऱ्या देशाच्या बंदरात झालेल्या फेऱ्या तेवढ्याच धरल्या, तर ७४ कोटी टन. जहाजाचा प्रकार व आकार पाहून ‘हे आंतरराष्ट्रीय जहाज’ असे आधीच ठरविले आणि त्याच्या सर्व फेऱ्या धरल्या, तर ९१ कोटी ९० लाख टन. समुद्र तोच, जहाजे तीच, वर्षही तेच. केवळ व्याख्येच्या फरकाने जवळजवळ अठरा कोटी टन इकडचे तिकडे होतात. लहान आकडा धरला तरी जर्मनीसारख्या औद्योगिक राष्ट्राच्या संपूर्ण वार्षिक उत्सर्जनाच्या तो जवळपास जातो.

हे आकडे धूर मोजून काढीत नाहीत, तर इंधनावरून काढतात. त्यामागील गणित नववी-दहावीच्या रसायनशास्त्रातील आहे. जहाजाच्या जड तेलात वजनाने सुमारे ८५ टक्के कार्बन असतो. कार्बनचे १२ भाग ऑक्सिजनच्या ३२ भागांशी संयोग पावले की कार्बन डायऑक्साइडचे ४४ भाग होतात. म्हणून एक टन तेल जळाले की ०.८५ गुणिले ४४ भागिले १२, म्हणजे ३.१ टनांहून किंचित अधिक वायू निर्माण होतो. जाळलेल्या वस्तूपेक्षा धूर जड कसा, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. तेलाच्या टाकीत नसलेला ऑक्सिजन हवेतून येऊन मिळतो, हे त्याचे उत्तर.

आता एक फेरी डोळ्यांसमोर आणू. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतातील ग्लॅडस्टन बंदरातून पोलादासाठी लागणारा दगडी कोळसा भरून एक जहाज गोव्याच्या मुरगाव बंदराकडे निघाले आहे. तेथून तो कोळसा रेल्वेने कर्नाटकातील पोलाद कारखान्यास जाईल. अशा जहाजाची कुंडली साधारणपणे पुढीलप्रमाणे असू शकते: बांधणी दक्षिण कोरियातील, मालक ग्रीक, ध्वज लायबेरियाचा, भाड्याने घेणारी कंपनी स्वित्झर्लंडमधील, इंधन सिंगापूरला भरलेले, खलाशी फिलिपिन्सचे व भारताचे. या फेरीत हजार टन तेल जळाले असे समजू. मग ३,१०० टन कार्बन डायऑक्साइड कोणाच्या नावावर लिहावा?

हा प्रश्न आमच्या कल्पनेतून आलेला नाही. हवामानविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या तांत्रिक सल्लागार मंडळापुढे १९९६ साली याच प्रश्नाची आठ संभाव्य उत्तरे मांडली गेली होती. ‘कोणालाच वाटून देऊ नये’ हे त्यांतील पहिले उत्तर, आणि व्यवहारात आजतागायत तेच टिकले आहे. प्रत्येक देश आपल्या भूमीवर विकलेल्या आंतरराष्ट्रीय जहाज-इंधनाची नोंद करून कळवितो. परंतु ती राष्ट्रीय बेरजेच्या बाहेर, स्वतंत्र नोंद म्हणून राहते. १९९७ च्या क्योटो करारात विकसित राष्ट्रांनी या उत्सर्जनावर मर्यादा घालण्याचे काम सागरी संघटनेमार्फत करावे, असे ठरले. अशा रीतीने प्रश्न एका सभागृहातून दुसऱ्या सभागृहात गेला.

उरलेल्या उत्तरांपैकी ध्वजाचे उत्तर वरकरणी सर्वांत सरळ वाटते. जहाजावर ज्या देशाचा ध्वज, त्याचाच कायदा त्यावर चालतो. मग धूरही त्याचाच का नसावा? परंतु जगातील जहाजांच्या एकूण वहनक्षमतेपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक भाग लायबेरिया, पनामा आणि मार्शल बेटे या तीनच देशांच्या ध्वजाखाली नोंदलेला आहे. नोंदणी शुल्क कमी, कर सौम्य, नियम सैल म्हणून मालक तेथे जातात. लायबेरिया व मार्शल बेटे यांच्या नोंदणीचे काम तर अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातून चालते. ज्याला समुद्रकिनाराच नाही अशा मंगोलियाचीही जहाज-नोंदणी आहे! पॅसिफिक महासागरातील मार्शल बेटांवर २०२१ च्या जनगणनेनुसार केवळ ४२ हजारांच्या आसपास माणसे राहतात. जहाजक्षमतेचा सुमारे आठवा हिस्सा त्यांच्या ध्वजाखाली आहे. त्याच प्रमाणात ७४ कोटी टनांतील वाटा त्यांच्या नावावर टाकला, तर ढोबळ हिशोबाने तेथील दरडोई उत्सर्जन दोन हजार टनांच्या वर जाईल. भारतीय माणसाचे दरडोई उत्सर्जन दोन टनांच्या आसपास आहे. समुद्रसपाटीपासून सरासरी दोन मीटर उंचीच्या प्रवाळबेटांवर राहणारे, पाण्याच्या वाढत्या पातळीमुळे ज्यांचे गावच नाहीसे होण्याची भीती आहे असे हे लोक, जगातील सर्वांत मोठे प्रदूषक ठरतील. हिशोब अंकगणिताने बिनचूक असूनही अन्यायकारक असू शकतो, याचे याहून ठळक उदाहरण आम्हांस माहीत नाही.

मालकाच्या राष्ट्रीयत्वाप्रमाणे वाटणी केली, तर चित्र पालटते. ग्रीस हा सुमारे एक कोटी वस्तीचा देश. परंतु जगाच्या जहाजक्षमतेचा सुमारे सहावा भाग ग्रीक मालकांच्या हाती आहे. त्यामागोमाग चीन व जपान येतात. चालविणाऱ्या कंपनीच्या मुख्यालयाप्रमाणे पाहिले, तर डोंगरांनी वेढलेल्या, किनारा नसलेल्या स्वित्झर्लंडला मोठा वाटा उचलावा लागेल, कारण कंटेनर वाहतुकीतील सर्वांत मोठी कंपनी जिनिव्हा येथून चालते. पण कंपनी आपले कार्यालय दुसऱ्या देशात हलवू शकते. तसे झाले की एका देशाचे उत्सर्जन एका रात्रीत घटले आणि दुसऱ्याचे वाढले, असे कागदावर दिसेल. हवेत मात्र काहीच बदललेले नसेल.

इंधन जेथे विकले गेले तो देश जबाबदार, ही पद्धत मोजण्यास सर्वांत सोपी, कारण विक्रीची पावती असते. जहाजात इंधन भरण्याचे जगातील सर्वांत मोठे ठिकाण सिंगापूर होय. तेथे २०२४ मध्ये सुमारे ५ कोटी ४९ लाख टन जहाज-इंधन विकले गेले. तोपर्यंतचा तो उच्चांक होता. वरील गुणाकार लावल्यास त्यातून सतरा कोटी टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. सिंगापूरचे स्वतःचे, देशांतर्गत उत्सर्जन वर्षाला सहा कोटी टनांच्या आसपास असते. म्हणजे या पद्धतीने त्या नगरराज्याचा आकडा जवळजवळ चौपट होईल. आणि त्या वर्षीची विक्री वाढली त्यामागे सिंगापूरकरांची काही करणी होती काय? २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. सुएझ कालवा टाळून अनेक जहाजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकास वळसा घालू लागली. सिंगापूर ते रॉटरडॅम हे सुमारे साडेआठ हजार सागरी मैलांचे अंतर त्यामुळे पावणेबारा हजारांच्या घरात गेले, आणि लांब प्रवासाचे तेल मार्गावरील बंदरांत भरले गेले. येमेनच्या किनाऱ्यावरील संघर्षाची नोंद अशा रीतीने सिंगापूरच्या खातेवहीत झाली असती.

राहता राहिले बंदराचे आणि मालाचे उत्तर. फेरी ज्या दोन देशांत झाली त्यांनी निम्मे-निम्मे वाटून घ्यावे, ही कल्पना आम्हांस त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटते. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२४ पासून आपल्या कार्बन-बाजारात ५,००० टन एकूण नोंदणीमाप व त्याहून मोठी जहाजे आणली, तेव्हा साधारण हाच मार्ग पत्करला. संघातील दोन बंदरांमधील फेरीचे संपूर्ण उत्सर्जन हिशोबात धरावयाचे. बाहेरून येणाऱ्या वा बाहेर जाणाऱ्या फेरीचे निम्मे. ध्वज कोणाचा, मालक कोण, हे विचारावयाचे नाही. तरीही यात एक फट राहते. भारताचे पुष्कळ कंटेनर आजवर कोलंबो बंदरात उतरून मोठ्या जहाजांवर चढत आले आहेत. मोठ्या जहाजाची लांबची फेरी कोलंबोस संपते, म्हणून तिचे निम्मे उत्सर्जन श्रीलंकेच्या नावे जाईल. माल भारताचा, भार शेजाऱ्याचा. केरळातील विळिंजम बंदर सुरू झाले आहे आणि पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदरास २०२४ मध्ये मान्यता मिळाली आहे. अशा खोल बंदरांत मोठी जहाजे थेट लागू लागली की तो वाटा पुन्हा भारताकडे सरकेल.

माल ज्याचा त्याचाच धूर, असे म्हणावे तर एका कंटेनर-जहाजावर हजारो मालकांचा माल असतो. शिवाय मालाचा खरा धनी कोण, तो बनविणारा की वापरणारा? आपल्या कोळशाच्या जहाजाकडे परत पाहू. कोळसा विकून ऑस्ट्रेलियास पैसा मिळाला, पोलाद भारतात झाले, आणि ते पोलाद मोटारीत बसून पुन्हा परदेशी गेले तर?

भारताच्या दृष्टीने या वादास विशेष महत्त्व आहे. आपल्या परदेशी व्यापारापैकी वजनाने सुमारे ९५ टक्के माल समुद्रमार्गे जातो-येतो. मात्र जगातील जहाजक्षमतेपैकी दीड टक्काही भारतीय ध्वजाखाली नाही. म्हणजे ध्वजाप्रमाणे मोजले तर आपण जवळजवळ निर्दोष, मालाप्रमाणे मोजले तर मोठे भागीदार. हवामान करारांत ‘जबाबदारी सर्वांची, पण वाटा सारखा नाही’ हे तत्त्व मान्य झालेले आहे. ज्यांनी दीडशे वर्षे कोळसा जाळला त्यांनी अधिक सोसावे, असा त्याचा आशय. याउलट सागरी संघटनेचा जुना नियम असा की बंदरात आलेल्या कोणत्याही जहाजास ध्वजामुळे सवलत मिळू नये, अन्यथा सारी जहाजे सवलतीच्या ध्वजाखाली पळतील. दोन्ही तत्त्वे आपापल्या जागी योग्य आहेत, आणि म्हणूनच त्यांचा झगडा इतकी वर्षे मिटलेला नाही. भाडे वाढले की डाळ, खाद्यतेल, खत यांची किंमत वाढते, आणि तिची झळ प्रथम गरीब घराच्या चुलीला लागते. मुंबईच्या गोदीत ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी पाठीवर पोती वाहिली, अशी कुटुंबे या स्मरणिकेच्या वाचकांत असतील. जहाजाचे भाडे आणि घरातील पीठ यांचा संबंध त्यांना समजावून सांगावयास नको.

जहाज हे वाहतुकीचे वाईट साधन आहे, असे मात्र कोणी समजू नये. एक टन माल एक किलोमीटर नेण्यास मालमोटारीपेक्षा मोठ्या जहाजास कितीतरी कमी इंधन लागते. जगाच्या व्यापाराचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भार वाहून ते तीन टक्क्यांच्या आत राहते. सुधारणेस वावही आहे. इंजिनास लागणारी शक्ती साधारणतः वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्क्यांनी कमी केला, तर शक्ती २७ टक्क्यांनी कमी लागते; वेळ थोडा अधिक लागत असल्याने संपूर्ण फेरीतील इंधनाची बचत सुमारे १९ टक्के होते. केवळ सावकाश जाण्याने एवढे साधते. पुढची पायरी, म्हणजे मिथेनॉल, अमोनिया यांसारखी इंधने, महाग आहे, आणि तो खर्च कोणी द्यावयाचा यावर पुन्हा गाडी अडते.

सागरी संघटनेने २०१८ साली ठरविलेले उद्दिष्ट होते, २०५० पर्यंत उत्सर्जन २००८ च्या तुलनेत निदान निम्मे करणे. जुलै २०२३ मध्ये ते बदलून २०५० च्या सुमारास निव्वळ शून्य असे झाले. वाटणीचा तिढा टाळण्यासाठी मग वेगळा मार्ग पुढे आला: देशास न विचारता जहाजासच विचारावे. प्रत्येक मोठ्या जहाजाने मर्यादेपेक्षा अधिक सोडलेल्या प्रत्येक टनामागे रक्कम भरावी, आणि जमलेल्या निधीतून स्वच्छ इंधनास व दुर्बल देशांस साहाय्य व्हावे. अशा शुल्काचा आग्रह प्रथमपासून धरणाऱ्यांत मार्शल बेटे होती. २०२१ मध्ये त्यांनी सॉलोमन बेटांसह टनामागे १०० डॉलरचा प्रस्ताव मांडला होता. ज्यांचा ध्वज जहाजांवर आहे त्यांनीच जहाजांवर शुल्क मागितले, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. एप्रिल २०२५ मध्ये त्याहून सौम्य मसुद्यावर लंडनमध्ये मतदान झाले. भारत व चीन यांच्यासह ६३ देशांनी बाजूने मत दिले, सौदी अरेबियासह १६ देशांनी विरोधात. पॅसिफिकमधील बेटांनी मसुदा अपुरा म्हणून मतदानात भाग घेतला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो अंतिमतः स्वीकारावयाचा होता. त्या बैठकीत निर्णय एक वर्ष पुढे ढकलावा असा ठराव आला आणि ५७ विरुद्ध ४९ मतांनी तो संमत झाला.

जहाजाचे आयुष्य पंचवीस वर्षांच्या आसपास असते. आज कोरिया व चीनच्या गोद्यांत ज्या जहाजांचा सांगाडा उभा राहत आहे, त्यांतील बरीच २०५० साली समुद्रावर असतील, आणि त्यांच्या इंजिनात कोणते इंधन चालेल हे आताच ठरत आहे.